‘पंपिंग कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका



आपल्या वस्तीत हार्टचा पेशंट असलेले घर शोधायला लांब जावे लागत नाही. काय झाले म्हणून विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. “हार्ट मोठं झालंय.” “छातीत पाणी झालंय.” “पंपिंग तीस टक्केच उरलंय म्हणाले.” डिस्चार्ज कार्डवर मात्र या सगळ्यांसाठी एकच नाव असते : हार्ट फेल्युअर. मराठीत ‘हृदय निकामी होणे’. हे शब्द कानावर पडले की घरात रडारड सुरू होते. काही घरे तिथेच हात टेकतात. काही घरे शेजारच्या हार्ट पेशंटच्या गोळ्यांचे पाकीट मागून आणतात. आजार एकच ना, मग गोळीही एकच, असा हिशेब.

पण आजार एकच नसतो. ‘ताप’ म्हटले की मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू असे अनेक आजार त्यात येतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते. हार्ट फेल्युअरचेही तसेच आहे. म्हणून डॉक्टरांनी हे नाव सांगितले की दोन प्रश्न विचारायचे. पहिला, ईएफ किती आहे? दुसरा, हे कशामुळे झाले? या दोन उत्तरांवर पुढचे सगळे उपचार ठरतात. तथागतांनी दुःख सांगून सोडले नाही, त्याचे कारण शोधायला शिकवले. आजाराच्या बाबतीतही आपण तेच करू.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय आणि काय नाही

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. ते हार्ट अटॅकही नव्हे. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालूच असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे पाठवू शकत नाही. किंवा पाठवते, पण त्यासाठी आतला दाब खूप वाढतो. हा दाब मागे फुफ्फुसांकडे गेला की दम लागतो. शरीराकडे गेला की पाय सुजतात, पोट फुगते.

लक्षणे अशी असतात. पूर्वी सहज चढत होतो त्या जिन्यावर धाप लागते. सपाट झोपले की श्वास कोंडतो, दोन-तीन उश्या लागतात. रात्री झोपेतून गुदमरून उठावे लागते. संध्याकाळी घोट्याजवळ बोटाने दाबले तर खड्डा पडतो. दोन-तीन दिवसांत वजन वाढते. काम न करताही गळून जायला होते. वस्तीत याला ‘अशक्तपणा’, ‘वय झालं’ किंवा ‘दमा’ म्हणून महिनोन्‌महिने काढले जातात. अशी लक्षणे असतील तर ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त तपासणी आणि टूडी इको या तपासण्या लागतात. बीएनपी नावाची एक रक्त तपासणीही असते. हृदयावर ताण आला की तिचा आकडा वाढतो.

पहिला प्रश्न : ईएफ किती?

हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि प्रत्येक ठोक्याला त्यातले काही रक्त बाहेर फेकतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेले, तो आकडा म्हणजे ईएफ. आपण त्यालाच ‘पंपिंग’ म्हणतो. इको करताना तो मोजतात.

हा आकडा निरोगी माणसातही १०० नसतो. साधारण ५५ ते ७० असतो. त्यामुळे ‘ईएफ ५५ म्हणजे हृदय निम्मेच उरले’ हा हिशेब चुकीचा आहे. ५५ म्हणजे ठीक.

या आकड्यावरून हार्ट फेल्युअरचे तीन गट करतात. ४० किंवा त्याहून कमी असेल तर हृदयाची आकुंचनाची ताकद घटलेली आहे. ५० किंवा जास्त असूनही हार्ट फेल्युअर असेल तर हृदय आकसते बरोबर, पण कडक झाल्यामुळे नीट सैल होत नाही, नीट भरत नाही. ४१ ते ४९ हा मधला गट.

समजा, एका गल्लीत तीन पेशंट आहेत. टोकाच्या घरातले ५२ वर्षांचे काका. त्यांना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, आता ईएफ ३०. मधल्या घरातल्या ६६ वर्षांच्या मावशी. वीस वर्षे बीपी, दहा वर्षे शुगर, वजन जास्त, ईएफ ६०. आणि तिसऱ्या घरातली २६ वर्षांची ताई. बाळंत होऊन दोन महिने झाले, ईएफ ३५. तिघांनाही धाप लागते, तिघांचेही पाय सुजतात, तिघांच्या कार्डवर हार्ट फेल्युअरच लिहिलेले आहे. पण काकांच्या गोळ्या मावशींना जशाच्या तशा चालणार नाहीत आणि ताईची गोष्ट दोघांहून वेगळी आहे.

कमजोर हृदय : चार औषधांचा आधार

काकांसारख्या, म्हणजे ईएफ ४० पर्यंत असलेल्या पेशंटसाठी आज चार प्रकारची औषधे आयुष्य वाढवतात हे सिद्ध झाले आहे.

१) हृदयावरचा भार हलका करणारी. एन्लाप्रिल, रॅमिप्रिल ही जुनी आणि स्वस्त. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही नवी जोडगोळी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती एन्लाप्रिलपेक्षा सरस ठरली.

२) ठोके आवरणारी. कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. यांनी हृदयाला विसावा मिळतो. ही एकदम बंद करायची नाहीत.

३) स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. स्पायरोनोलॅक्टोन ही अगदी जुनी, स्वस्त गोळी. १९९९ च्या एका चाचणीत गंभीर पेशंटमधले मृत्यू तिच्यामुळे ३० टक्क्यांनी कमी झाले. मात्र ती चालू असताना रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत राहावे लागते.

४) डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मुळात शुगरची औषधे. पण २०१९ च्या चाचणीत दिसले की शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही डॅपाग्लिफ्लोझिनचा फायदा होतो. त्यामुळे ‘मला शुगर नाही, तरी शुगरची गोळी का दिली?’ म्हणून ती फेकून देऊ नका.

आणि पाण्याची गोळी? फ्युरोसेमाइड, म्हणजे आपल्या ओळखीची लॅसिक्स. ती साचलेले पाणी काढते, दम कमी करते, एका दिवसात बरे वाटते. म्हणून अनेक जण तीच चालू ठेवतात आणि बाकीच्या सोडतात. पण पाण्याची गोळी त्रास कमी करते, हृदय सावरण्याचे काम वरची चार करतात. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. डोस कमी सुरू करून बीपी आणि रक्त बघत वाढवायचा असतो. म्हणून डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांच्या आत परत दाखवायला जाणे फार महत्त्वाचे आहे.

भारतातल्या ५३ हॉस्पिटलांमधल्या १० हजारांहून जास्त पेशंटची नोंद राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत झाली. पेशंटचे सरासरी वय ६० च्या आसपास निघाले. आणि ज्यांचे ईएफ कमी होते, त्यांच्यातल्या जेमतेम निम्म्यांनाच ठरवून दिलेली औषधे मिळत होती. औषध सापडले आहे, पण माणसापर्यंत पोचलेले नाही. ‘माझ्या कागदावर चारपैकी किती आहेत? जे नाही ते का नाही?’ हा प्रश्न विचारणे आपला हक्क आहे. कधी बीपी कमी, किडनी नाजूक, दमा अशी खरी कारणे असतात. ती डॉक्टर सांगतील. काही पेशंटना ईएफ ३५ किंवा कमीच राहिल्यास यंत्र बसवण्याचा सल्लाही दिला जातो. तेव्हा यंत्र कशासाठी, हे नीट विचारून घ्या.

कडक हृदय : आकडा चांगला, तरी आजार खरा

मावशींच्या बाबतीत घरचे म्हणतात, “इको नॉर्मल आला, मग हिला दम कसला? कामाचा कंटाळा.” हे फार अन्यायाचे आहे. ईएफ ६० असूनही हृदय कडक झालेले असू शकते. वर्षानुवर्षे न आवरलेले बीपी, शुगर, वाढलेले वजन, अनियमित ठोके आणि वय ही त्याची मुख्य कारणे. पुरुषांपेक्षा वयस्क बायकांमध्ये हा प्रकार जास्त आढळतो आणि बायकांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करायची सवय आपल्या घरांतही आहेच.

वरच्या चार औषधांतली सगळी इथे तेवढाच फायदा देत नाहीत. बरीच वर्षे या प्रकारासाठी ठोस औषधच नव्हते. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या आणि २०२२ मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत या पेशंटचे हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हापासून ही गोळी इथेही मुख्य झाली. तिच्या जोडीला सूज असेल तर पाण्याची गोळी, बीपी आणि शुगर ताब्यात ठेवणे, वजन उतरवणे आणि झेपेल तेवढे रोज चालणे. ठोके अनियमित असतील तर त्याचे वेगळे उपचार, कारण त्यातून रक्ताची गुठळी होऊन लकवा होऊ शकतो.

सुधारलेले हृदय : इथेच घात होतो

औषधांनी काहींचे ईएफ ३० वरून ५० वर येते. पेशंट खूश, घर खूश, गोळ्या बंद. काही महिन्यांनी पुन्हा दाखल. इंग्लंडमध्ये अशा सुधारलेल्या ५१ पेशंटवर एक अभ्यास झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांची औषधे हळूहळू बंद केली, त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ज्यांची चालू ठेवली, त्यांच्यात त्या काळात एकाचाही उलटला नाही. म्हणून चांगला आलेला इको म्हणजे औषध काम करते आहे याची खूण. औषधाची गरज संपली असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा प्रश्न : कशामुळे झाले?

ईएफ सारखे असले तरी मूळ वेगळे असू शकते आणि मुळावर घाव घातल्याशिवाय आजार मागे हटत नाही.

*नळ्यांतला अडथळा.* भारतातल्या नोंदींत सर्वांत मोठे कारण हेच. चारपैकी जवळजवळ तीन पेशंट या गटातले. इथे अँजिओग्राफी, गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी, आणि तंबाखू पूर्ण बंद. विडी बंद करून मिश्री चालू ठेवणे म्हणजे बंद नव्हे.

*झडपांचा आजार.* लहानपणी घसा दुखून ताप येतो. त्या जंतूंमुळे काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना याचा धोका जास्त. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात तिथे हे जंतू लवकर पसरतात. म्हणून हा आजार दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा. आकसलेली झडप गोळीने उघडत नाही. ती फुग्याने उघडावी लागते किंवा ऑपरेशन करावे लागते. आणि तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकवायचे नसते.

*बाळंतपणाशी जोडलेले.* ही तिसऱ्या घरातल्या ताईची गोष्ट. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचे हृदय एकाएकी कमजोर होते. “ओल्या बाळंतिणीला अशक्तपणा असतोच” म्हणून तिला डिंकाचे लाडू देत घरी बसवतात. धाप, रात्री गुदमरणे, पायांची वाढती सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. वेळेत उपचार झाले तर यातल्या बऱ्याच जणींचे हृदय पुन्हा सावरते. मात्र पुढच्या बाळाचा विचार हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा. आणि गरोदर बाईला एन्लाप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या कुणाच्या पाकिटातून चुकूनही देऊ नका. बाळाला धोका असतो.

*दारू.* रोजच्या जास्त दारूने हृदयाचा स्नायू सैल पडतो. पूर्ण सोडली तर तो सुधारूही शकतो. पंचशीलातले पाचवे शील इथे थेट औषध आहे.

*रक्ताची कमतरता.* रक्त फार कमी असेल तर हृदयाला दुप्पट धावावे लागते. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. त्याचाही हृदयावर ताण येतो. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. शिवाय हार्ट फेल्युअरच्या अनेक पेशंटमध्ये लोह कमी असते. ईएफ कमी असलेल्यांना शिरेतून लोह दिल्याने बळ वाढते. साध्या लोहाच्या गोळीने इथे फारसे भागत नाही.

*इतर कारणे.* थायरॉईड, सतत जोरात चालणारे ठोके, कॅन्सरची काही औषधे. काही वयस्क माणसांत हृदयाच्या भिंतीत एक प्रकारचे प्रथिन साचते आणि ती जाड होते. त्याचे औषध वेगळे आणि महाग असते. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे अचानक जातात. तिथे जनुकातला दोष असू शकतो, म्हणून भावंडांचाही इको करावा लागतो.

संशोधन कुठे चालले आहे

जगभर आता आणखी बारीक गट शोधणे चालू आहे. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ३ लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी संगणकाकडून तपासून घेतल्या आणि पाच गट मांडले : लवकर वयात सुरू होणारा, उतारवयात सुरू होणारा, अनियमित ठोक्यांशी जोडलेला, लठ्ठपणाशी जोडलेला पण हृदयाचे इतर विकार कमी असलेला, आणि लठ्ठपणा व हृदयविकार दोन्ही असलेला. निदानानंतर एका वर्षातला मृत्यूचा धोका या गटांत ११ टक्क्यांपासून ६१ टक्क्यांपर्यंत होता. नाव एक, पण धोका एवढा वेगवेगळा! हे गट ब्रिटनच्या पेशंटवरून केलेले आहेत आणि रोजच्या उपचारात अजून आलेले नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे : पेशंटचा नेमका प्रकार ओळखा, मग औषध ठरवा.

शरीराचा प्रकार तपासणीने ठरतो, जन्माने नाही

इथे आपल्या चळवळीने लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेत २००५ मध्ये हार्ट फेल्युअरच्या एका गोळीला फक्त कृष्णवर्णीय पेशंटसाठी सरकारी मान्यता मिळाली. एका वंशाच्या नावाने मान्यता मिळालेले ते तिथले पहिले औषध. त्यात हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही दोन जुनी औषधे होती. १,०५० कृष्णवर्णीय पेशंटवर चाचणी झाली आणि मृत्यू खरोखर कमी झाले. औषध चांगलेच होते. पण त्या चाचणीत इतर वर्णाचे पेशंट घेतलेच नव्हते, मग ते फक्त काळ्या माणसांचे औषध कसे ठरले? कातडीच्या रंगावरून आतल्या हृदयाचा अंदाज बांधायचा का, यावर तिथे मोठा वाद झाला.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातला बदल शोधला. भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत तो सापडतो. तो असला म्हणजे आजार होतोच असे नाही, पण धोका वाढू शकतो. हा बदल एखाद्या जातीचा नाही, नाना जाती-धर्मांच्या माणसांत तो आहे. सिकलसेलचेही तसेच. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथल्या लोकांत तो टिकला. त्याचा संबंध मलेरियाशी आहे, कुणाच्या उच्च-नीचतेशी नाही. कोणाच्या रक्तात काय आहे ते तपासणी सांगते, आडनाव सांगत नाही.

मग आपल्या वस्त्यांत या आजाराचा भार जास्त का वाटतो? दाटीची घरे, चुलीचा धूर, तंबाखू, उशिरा सापडलेले बीपी, अर्धवट उपचार. ही कारणे माणसांनी तयार केलेली आहेत, म्हणून माणसांना बदलताही येतात.

या गोळ्यांपासून जपा

हार्ट फेल्युअर असलेल्याने अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक घेऊ नये. त्यांनी अंगात पाणी साचते, किडनीवर ताण येतो. गुडघेदुखीच्या ‘जादूच्या’ पुड्यांमध्ये स्टेरॉईड असू शकते. दुखले तर पॅरासिटामॉल चालते का, ते विचारा. शुगरच्या काही तीन-इन-वन गोळ्यांत पायोग्लिटाझोन असते. त्याने सूज वाढते. पाकिटावर हे नाव दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

शेजाऱ्याचे पाकीट का नको, याचे एकच उदाहरण पुरे. घरात रॅमिप्रिल चालू आहे आणि कुणी प्रेमाने सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणून दिली. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर चेहरा आणि घसा सुजून जीव जाऊ शकतो. एक बंद करून दुसरी सुरू करतानाही मध्ये ३६ तास जावे लागतात.

वस्तीतल्या रोजच्या अडचणी

वॉर्डात काम करताना एक कारण मी बायकांकडून वारंवार ऐकले आहे. “सिस्टर, संडास लांब आहे, रांग असते, म्हणून पाण्याची गोळी घेत नाही.” ही अडचण खरी आहे, पण गोळी बंद करणे हा उपाय नाही. लॅसिक्सचा जोर साधारण तासाभरात सुरू होतो आणि सहाएक तासांत ओसरतो. कामावर जायच्या आधी घ्यायची की कामावरून आल्यावर, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. आणि वस्तीत रात्री चालू राहणारा, दिवे असलेला संडास मागणे हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले तर लगेच दाखवा. काटा घरोघरी नसेल तर विहारात एक ठेवा.

मीठ म्हणजे फक्त भाजीतले नव्हे. पापड, लोणचे, सुकट, खारवलेले बोंबील, फरसाण, वडापाव, फसफसणारी सोडा पावडर या सगळ्यांतून ते जाते. मात्र ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते धोक्याचे ठरते.

पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या, वर्षावासात उपोसथ करणाऱ्या उपासक-उपासिकांनी आपल्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे. उपाशीपोटी पाण्याची गोळी, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा शुगरची इतर औषधे घेतल्यास चक्कर येऊ शकते, शुगर किंवा बीपी उतरू शकते. उलट्या-जुलाब झाले तरीही विचारा. तब्येत सांभाळून शील पाळणे हाच मध्यम मार्ग.

दीक्षाभूमी, चैत्यभूमी, भीमा कोरेगावला जाताना जादा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवा. प्रवासात गोळी बंद ठेवायची नाही.

सपाट झोपताच येत नाही, तोंडाला गुलाबी फेस येतो, छातीत दुखते, शुद्ध हरपते, ओठ निळे पडतात, यातले काहीही झाले तर १०८ ला फोन करा. वाट बघू नका.

खर्चाचे काय?

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत दाखल होऊन करायच्या स्टेंट, बायपास, झडपांच्या ऑपरेशनसारख्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. पैसे भरण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनच्याही आता स्वस्त गोळ्या मिळतात. २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंटही संपले. म्हणून पूर्वी ‘परवडत नाही’ म्हणून सोडलेल्या औषधाची किंमत पुन्हा विचारा. डॉक्टरांना ‘जेनेरिक लिहून द्या’ म्हणायला संकोच करू नका.

पुढच्या भेटीत विचारायचे चार प्रश्न

१) माझे ईएफ किती आहे? मागच्या वेळी किती होते?
२) माझा आजार कशामुळे झाला? त्या कारणावर काही उपाय आहे का?
३) चार औषधांपैकी माझ्यासाठी कोणती लागू आहेत? कोणती नाहीत आणि का?
४) पुढची रक्त तपासणी आणि पुढचा इको कधी?

उत्तरे एका वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत रोजचे वजन, बीपी आणि चालू गोळ्यांची नावे लिहा. पेशंटला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडे हे काम द्या. महिला मंडळाने पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास काढला तर वस्तीतल्या प्रत्येक हार्ट पेशंटची वही तयार होईल. कोणाची गोळी संपली, कोणाचा इको राहिला, हे वहीवरून कळेल.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. जुलाबाने आजारी, एकटा पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. भन्ते आनंदांच्या मदतीने त्यांनी स्वतः त्याला धुतले, उचलून नीट झोपवले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. त्याच ठिकाणी चांगला रुग्ण कसा असावा हेही सांगितले आहे : त्याने औषध घ्यावे, पथ्याचे प्रमाण ओळखावे, आणि आजार वाढतो आहे की उतरतो आहे ते काळजी घेणाऱ्याला जसे आहे तसे सांगावे. आपली वही हे शेवटचे काम करते. पेशंटने खरे सांगायचे, घरच्यांनी लिहायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. तेव्हा या पौर्णिमेला विहारात येताना एक कोरी वही आणि घरातल्या पेशंटचा शेवटचा इको रिपोर्ट सोबत आणा.

नमो बुद्धाय! जय भीम!